लाळूबाईचा पत्ता

माझ्या मुलीला दात येऊ लागले आणि मला धंदा सुचला. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास सुरू झाल्या आणि दोन्हींनी घरातल्या कोणालाही धड झोपू दिलं नाही.

दात येणाऱ्या बाळाची लाळ हा विषय ज्यांनी जवळून पाहिलेला नाही, त्यांना मी काय सांगणार? नळाला निदान जायची वेळ असते. आमच्या कन्येला ती नव्हती. विकतची लाळेरी तिच्यापुढे हात टेकत. वरून ससा, फुलपाखरू वगैरे नटलेलं असे, आणि आत ओलावा थेट छातीपर्यंत. शेवटी मीच शिवायला घेतली. आतून टॉवेलचं कापड, बाहेरून नवऱ्याच्या जुन्या सुती शर्टांचं, आणि मागे बंदाऐवजी बटण, कारण बंदाची गाठ सुटेपर्यंत बाळ मोठं होतं. ते लाळेरं घालून आम्ही लस टोचायला गेलो, तर रांगेतल्या एका आईने विचारलं, "कुठून घेतलंत हो?"

बस्स. माणसं एवढ्याशा प्रश्नावर कारखाने काढतात.

घरात मुलीला सगळे लाळूबाई म्हणतात. तिचं खरं नाव जन्मदाखल्यावर सुरक्षित आहे. तेव्हा धंद्याचं नावही 'लाळूबाई' असणार हे उघडच होतं. मी ते जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. टेबलावर नवरा होता, सासरे होते आणि मीठदाणीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये माझा दीर होता. दीर मार्केटिंगमध्ये आहे. म्हणजे नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पण तो घाईत असतो, एवढं खरं.

"वहिनी, नाव छान आहे," दीर म्हणाला, "पण आधी पत्ता घे. फोटोच्या साइटवर, मावशा-काकांच्या साइटवर, सगळीकडे एकच पत्ता. ब्रँड म्हणजे दुसरं काय? लोकांनी नाव टाकलं की तूच निघाली पाहिजेस. आणि आजच घे. उद्या कोणीतरी घेऊन बसेल."

"लाळूबाई कोण घेणारे?" नवरा म्हणाला.

"अरे, हल्ली लोक काहीही घेतात."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी बदलली आणि "हं" म्हणाले. त्यांचं 'हं' हे अनेक अर्थांचं असतं. माझ्या लाळेऱ्यांना ते 'ते तुकडे' म्हणत. "सूनबाई, तुझे ते तुकडे उचल, पायात येतात." मी मनावर घेत नसे. म्हणजे घेत असे, पण चेहऱ्यावर येऊ देत नसे. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यामुळे घरात माझी बाजू घेणारं एकच माणूस होतं आणि त्याला अजून बोलता येत नव्हतं.

बाबांबद्दल, म्हणजे सासऱ्यांबद्दल, इथेच सांगून टाकते. ऑफिसात असेपर्यंत त्यांनी बसने प्रवास केला, आणि रुमालाने जागा धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बस पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल आत. मग ते शांतपणे रांगेत उभे. रुमाल पडला की जागा आपली, यावर त्यांचा कायद्यापेक्षा जास्त विश्वास. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. लसीच्या दिवशी ते आमच्या आधी दवाखान्यात जाऊन बाकावर रुमाल टाकून ठेवत. कोणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "जागा धरलेली आहे. माणूस येतंय."

तर, पत्ता आजच घ्यायचा होता. मी फोन उघडला, आणि लाळूबाई उठली. दुसऱ्या दिवशी उघडला, पुन्हा उठली. तिला माझ्या फोनची चाहूल झोपेतही लागते. त्यातच वरचा दात हिरडीत अडकला आणि पत्ता मागे पडला. मधे एकदा बाबा दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, तुझी जागा धरून ठेवलीय हं." मी मशीनवर होते. पुढची लस जवळ आली असावी असं समजून मी "बरं बाबा" म्हटलं आणि पायडल मारलं.

मग ते घडलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. दुकानवाल्या बाई अशा आहेत, की त्यांच्यासमोर कापडही सरळ घडी होऊन बसतं. त्यांनी माझं लाळेरं उलटं केलं, सुलटं केलं, बटण ओढून पाहिलं, शिवण नखाने खरवडली आणि म्हणाल्या, "सोमवारी नवा स्टँड लावतेय. काउंटरजवळ एक रांग तुम्हाला देते. पण प्रत्येकावर लेबल हवं, लेबलवर पत्ता हवा. लोकांना पुढचा माल कुठे बघायचा ते कळलं पाहिजे. बिनलेबलाचा माल मी ठेवत नाही. मग ती रांग मोज्यांना जाईल."

मोज्यांना! मी घरी येताना जमिनीपासून जरा वरूनच चालत होते. लेबलं छापणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "मशीन मोकळं आहे ताई. पत्ता सांगा, लगेच छापतो."

"संध्याकाळी सांगते," मी म्हटलं. अशा आत्मविश्वासाने, की पत्ता जणू माझ्या पर्समध्येच होता.

दुपारी लाळूबाई झोपली आणि मी फोटोच्या साइटवर गेले. नाव टाकलं. खाली लाल अक्षरं: हे नाव घेतलेलं आहे.

घेतलेलं आहे? मी जाऊन पाहिलं. खातं रिकामं. एक फोटो नाही, एक शब्द नाही. फक्त वरच्या गोलात एक चित्र: पांढरं, चौकोनी, साधं सुती कापड.

म्हणजे धंदाही तोच! कोणीतरी आमचं घरगुती नाव चोरून, एक बिननक्षीचं, बिनबटणाचं, भिकार लाळेरं लावून बाजारात उतरू पाहत होतं. घरातल्या कोणाचा यात हात असणं शक्यच नव्हतं. त्यासाठी माझ्या धंद्यात रस असायला हवा.

नवऱ्याला मी विश्वासात घेतलं. "बाबांना कळू देऊ नकोस," मी बजावलं. "स्टँडची बातमी मी त्यांना ताठ मानेने सांगितलीय. आता पत्ताच चोरीला गेला म्हटलं तर 'हं' म्हणतील, आणि ते 'हं' मला या वयात सोसणार नाही."

नवरा हिशेबाच्या खात्यात आहे. माणूस सरळ, अर्ज भरण्यात तरबेज. "तोवर मावशा-काकांच्या साइटवर तरी नाव घेऊन टाकू," तो म्हणाला आणि त्याने ते घेतलंही. मी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. सकाळी उठतो तो खातं बंद! 'आपण तेरा वर्षांखालील असल्याचे आढळल्याने' वगैरे.

"तू जन्मतारीख काय टाकलीस?"

"लाळूबाईची."

"का?"

"खात्याचं नाव काय? लाळूबाई. पुढे जन्मतारीख विचारली. मी दुसऱ्या कोणाची कशी टाकू? खोटं लिहू?"

ज्या माणसाशी लग्न केलं त्याचा प्रामाणिकपणा कधी ना कधी आपल्या मुळावर येतो, हे मला आईने सांगायला हवं होतं.

मी सज्ञान आहे हे सिद्ध करण्यासाठी साइटने चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, वर पाहा. बाळ कडेवर असताना माणूस डावीकडे वळतो तेव्हा त्याच्यासोबत बाळही वळतं. उजवीकडे वळले तेव्हा तिने माझी बट धरली. वर पाहिलं तेव्हा तिने माझ्या नाकपुडीत बोट घातलं. निकाल आला: चेहरा अस्पष्ट. आणखी एक प्रयत्न केला. निकाल आला: अर्जदार रडत असल्यास नंतर प्रयत्न करावा, अशा अर्थाचं काहीतरी. रडत लाळूबाई होती. मी नव्हते. अजून नव्हते.

शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं, त्यामुळे सांगावं काही लागलं नाही. त्या थेट सल्ला घेऊनच आल्या.

"अगं, नावापुढे 'खरी' लाव. खरी लाळूबाई."

"मग ती दुसरी कोण झाली, काकू?"

"खोटी!"

"ते मला माहितेय. गिऱ्हाइकाला कसं कळणार?"

"मग 'मूळची' लाव. नाहीतर 'एकमेव'. माझ्या भाच्याने शिकवणीच्या वर्गाला तसंच केलंय. पण त्याच्या रस्त्यावर आता तीन एकमेव आहेत." काकूंनी लाळूबाईला उचललं, खांदा भिजवून घेतला आणि आवाज खाली आणला. "मी सांगू? तक्रार कर. रीतसर. कागद असला की समोरचा टरकतो."

फोटोच्या साइटवाल्या कंपनीच्या तक्रार विभागाला पुरावा हवा होता: 'ब्रँडचे नाव असलेले, शिक्का असलेले अधिकृत कागदपत्र.' माझ्याकडे ब्रँडचं नाव असलेली एकच वस्तू होती, आणि ती टेबलाचा पाय चावत होती. काकूंनी मला इमारतीच्या सेक्रेटरींकडे नेलं. सेक्रेटरींकडे गोल शिक्का आहे आणि तो वापरायला मिळावा म्हणून ते संधी शोधत असतात. गंमत म्हणजे काय लिहायचं हे त्यांनी मला विचारलंच नाही. लेटरहेडवर टाइप केलं, शिक्का मारला, फुंकर घातली आणि माझ्या हातात ठेवलं:

'दाखला देण्यात येतो की लाळूबाई या दुसऱ्या मजल्यावर आपल्या कुटुंबासह राहतात. त्यांची वर्तणूक चांगली असून त्यांच्याकडे कोणतीही थकबाकी नाही.'

"काका, लाळूबाई हा ब्रँड आहे."

"असू दे की. ब्रँडची वर्तणूक चांगली नको का?"

घरी येऊन मी तसाच तो दाखला पाठवून दिला. कंपनीचं उत्तर तत्काळ आलं. त्यांना माझी तळमळ समजत होती, माझा अनुभव त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता, आणि त्यांना काही कळवायचं झालं तर ते कळवणार होते.

वाट पाहणं माझ्या रक्तात नाही. मी ठरवलं, थेट चोरालाच गाठायचं. पण स्वतःच्या नावाने गाठलं, तर तो म्हणेल, कोण ही बाई? म्हणून मी एक नवं खातं काढलं. नाव: 'ब्रँड संरक्षण विभाग'. फोटो: गच्चीच्या दाराचं कुलूप. ते पाहून मला स्वतःलाच जरा भीती वाटली.

पहिला निरोप पाठवला: 'आपण वापरत असलेले नाव आमच्या अशिलाचे आहे. ते त्वरित सोडावे.'

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं: 'जमणार नाही.'

उद्धट! मी लाळेऱ्याची कड शिवता शिवता, मशीन न थांबवता, डाव्या हाताने टाइप केलं: 'नाव रिकामे पडले आहे. आपण त्याचा वापर करीत नाही.'

'रिकामं दिसलं म्हणून रिकामं नसतं.'

हा कोणीतरी मुरलेला होता. मी रात्री ताटं उचलताना नवऱ्याला म्हटलं, "माणूस तत्त्वज्ञ आहे. असे फार धोकादायक." पलीकडे बाबा नातीला भरवत होते. भोपळ्याचा लगदा तिच्या कानापर्यंत गेला होता. ते आपल्याच तंद्रीत होते आणि अधूनमधून फोन उचलून कपाळाला आठी घालत होते. मला वाटलं, त्यांच्या पेन्शनवाल्या मित्रांच्या गटात पुन्हा भांडण लागलं असेल. त्यांनीही काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात एकमेकांच्या डोक्याला ताप नको म्हणून सगळे आपापला ताप मुकाट घेऊन बसतात.

शनिवार उजाडला. लेबलवाल्याचा फोन: "ताई, पत्ता?" दुकानवाल्या बाईंचा फोन: "मोजे येऊन पडलेत. मी काय समजू?" मी दोघांनाही म्हटलं, "झालंच." असा आवाज मी बाळंतपणात डॉक्टरांसमोरही लावला होता, तेव्हाही काही झालेलं नव्हतं.

दुपारी लाळूबाई बाबांच्या खांद्यावर झोपली. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीत, मी आत मशीनवर. दोरा संपला होता आणि नवं रीळ आणायला उठायचंही बळ नव्हतं. स्टँडवरची माझी रांग, तिथे लोंबणारे मोजे, आणि पुढची सगळी वर्षं पायात येणारे 'ते तुकडे', एवढं सगळं डोळ्यांसमोर आलं. मी फोन घेतला आणि अशील, त्वरित वगैरे सगळं सोडून साधं विचारलं:

'तुम्ही हे नाव का धरून बसला आहात?'

मशीन बंद होतं म्हणून घरात शांतता होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला: टुक. टुक. टुक. बाबांच्या फोनमध्ये प्रत्येक अक्षराला टुक वाजतं. ते बंद कसं करायचं हे त्यांनी शिकून घ्यायला नकार दिलेला आहे. वाजलं नाही तर अक्षर उमटलं हे कसं कळणार, असा त्यांचा सवाल असतो. बऱ्याच टुकांनंतर आवाज थांबला आणि माझा फोन थरथरला.

'जागा धरलेली आहे. माणूस येतंय.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग हळूच लिहिलं: 'कोण माणूस?'

टुक, टुक, टुक, टुक.

'आमची सून. मोठं काम चाललंय तिचं, तुम्हाला नाही कळायचं. बाळ झोपलं की येते ती.'

मी उठून दारात गेले. बाबांचा चष्मा कपाळावर होता, फोन नाकाला टेकलेला, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने टाइप करणं चाललेलं, कारण दुसऱ्या हातावर लाळूबाई पसरली होती. त्यांच्या शर्टाचा खांदा ओलाचिंब. आणि फोनच्या पडद्यावर, गोलात, तो पांढरा चौकोन. बिननक्षीचं लाळेरं नव्हतंच ते. रुमाल होता.

"बाबा," मी म्हटलं.

"हळू. आत्ताच झोप लागलीय." मग मला पाहून ते जरा ओशाळले. "काही नाही गं. तू म्हणालीस ना नाव, तुझा दीर म्हणाला उद्या कोणीतरी घेऊन बसेल. तू आपली दातांच्या भानगडीत. म्हटलं, टाकून ठेवू रुमाल. सांगितलं होतं की तुला."

"तुम्ही म्हणालात 'जागा धरलीय'. मला वाटलं, दवाखान्यातली."

"दवाखान्याला अजून अवकाश आहे." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि कुजबुजले, "पण हा एक मेला विभाग मागे लागलाय. संरक्षण म्हणे! रोज धमकावतो. तुझ्या कानावर घालणार नव्हतो. पण मीही काही जागा सोडली नाही. एवढी वर्षं बसमध्ये काय, असे पुष्कळ पाहिलेत."

"बाबा, तो विभाग मी आहे."

बाबांनी कुलपाच्या फोटोकडे पाहिलं. मग गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं, पण बाळ उठेल म्हणून आवाज काढता येईना. ते आतल्या आत हसत राहिले, त्यांचं पोट हलत राहिलं, आणि पोटावर झोपलेली लाळूबाई बसमध्ये बसल्यासारखी वरखाली होत राहिली. मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून पोटभर हसले. थोडं रडलेही, पण ते हसण्यात खपून गेलं.

गोष्ट इथे संपली असती, तर कंपनीचं नाव मोठं झालं नसतं. त्याच क्षणी मेल आली: 'आपली तक्रार मान्य करण्यात आली आहे. आपण दिलेल्या दाखल्याच्या आधारे सदर तोतया खाते बंद करून हे नाव कायमचे गोठवण्यात येत आहे.' सेक्रेटरीकाकांचा शिक्का चालला होता! वर्तणूक चांगली असल्याचा जगभर उपयोग होतो.

"तोतया?" बाबा म्हणाले. "कोण, मी?"

तक्रार लगेच मागे घेतली तर गोठवणं थांबणार होतं. पण त्यासाठी दोन्ही पक्षांची संमती हवी होती. मग आम्ही दोन्ही पक्ष एका सोफ्यावर बसलो. नवरा बाजारातून आला, तर त्याला अर्ज भरायला बसवलं; मात्र प्रत्येक रकान्यावर मी बोट ठेवून होते. 'प्रतिपक्षाशी आपले नाते' या रकान्यात पर्याय होते: प्रतिस्पर्धी, माजी कर्मचारी, अनोळखी, इतर.

"यात 'सासरे' नाहीये," नवरा म्हणाला.

"मग 'प्रतिस्पर्धी' टाक," बाबा म्हणाले. "गंमत येईल."

"बाबा!"

'इतर' टाकलं. नवऱ्याने जन्मतारखेच्या रकान्यापाशी माझ्याकडे पाहिलं. मी माझी सांगितली. संध्याकाळपर्यंत तक्रार गेली, तोतयेपण गेलं, आणि बाबांनी मला पासवर्ड सांगितला. तो त्यांच्या जुन्या बसचा नंबर होता. लेबलवाल्याने पत्ता छापला. मावशा-काकांच्या साइटवरची लाळूबाई मात्र अजून तेरा वर्षांची व्हायची आहे. होईल. एवढी काय घाई आहे?

गोलातलं चित्र बदलायला गेले, तेव्हा हात थांबला. तो पांढरा चौकोन मी तसाच ठेवला. लेबलावरही तोच छापून घेतला.

सोमवारी सकाळी मी एका खांद्यावर पिशवी आणि दुसऱ्यावर बाळ घेऊन दुकानात पोहोचले. यायला उशीर झाला होता, कारण निघताना लाळूबाईने एका लेबलाची चव घेऊन पाहिली. मोजेवाला माझ्या आधीच येऊन थांबलेला, आणि दुकानवाल्या बाई माझ्याकडे पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हे गृहस्थ तुमचे का?" त्यांनी विचारलं. "दुकान उघडायच्या आधीपासून आलेत. काही घेत नाहीत, जात नाहीत, आणि तिथे कोणाला काही लावूही देत नाहीत."

काउंटरजवळचा नवा कोरा स्टँड. त्याच्या अगदी पुढच्या आकड्याला एक पांढरा रुमाल लोंबत होता आणि शेजारी स्टुलावर बाबा ताठ बसले होते. मला पाहून ते उठले, मोजेवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "सांगितलं नव्हतं? आलं माणूस."

मी रुमाल काढला, त्या आकड्याला पहिलं लाळेरं अडकवलं, आणि रुमालाने लाळूबाईची हनुवटी पुसली.

"सूनबाई," बाबा पिशवी उघडत म्हणाले, "दे इकडे ते बाकीचे..." आणि क्षणभर थांबून त्यांनी शब्द बदलला. "माल दे."